पुढची दोन चाकं

आमच्या गॅरेजसमोर ती छोटी जीप उभी राहिली की येणारे-जाणारे बोनेट उघडायला लावतात. मी उघडतो. एवढ्याशा गाडीत एवढं मोठं इंजिन कसं बसवलं, बोनेट कुठं कापलं, रेडिएटर कसा तिरका घातला, सगळं रंगवून सांगतो. ऐकणारा खूश, मी त्याहून खूश. सगळं सांगतो मी, पण एक गोष्ट सोडून. ती मी बायकोला सांगितलेली नाही, अक्काला नाही, आणि देवापुढं तर नाहीच. तिथं मी नारळ फोडतो आणि कोणी काही विचारायच्या आत मागं फिरतो. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? कारण तुम्ही दाजींना ओळखत नाही. एवढंच कारण आहे.

मी सुदाम. पिंपरी पेंढारला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, पिकअप, टोमॅटोच्या गाड्या, कोणाची रुसलेली मोटारसायकल, येईल ते काम घेतो. पन्नाशी उलटली, पोट थोडं सुटलं, मुलगी पुण्यात नोकरीला लागली. बायको माझ्या चहात साखर कमी घालते आणि मी रोज त्यावरून भांडतो. म्हणजे सगळं छान चाललंय. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं की हा माणूस मनावर ओझं घेऊन तळमळत असेल. नाही हो. मला झोप लागते. जेवण जातं. कधीकधी त्याचीच लाज वाटते.

माझा एक दोष मात्र पंचक्रोशीला ठाऊक आहे. मला माझ्या हाताचा भारी गर्व. दुसऱ्या मिस्त्रीचं काम माझ्याकडं आलं की मी आधी हसतो आणि मग पाना उचलतो. ‘कोणी हात लावला व्हता रं याला?’ हे माझं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक ओशाळतं, मला बरं वाटतं. हा दोष लक्षात ठेवा. पुढं जे झालं ते याच्यामुळंच झालं. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

आता दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. गाव निमगाव सावा. उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. बोलले तर थट्टेनं बोलणार. मी त्यांच्याहून बराच लहान, तरी मला ‘पावणं’ म्हणून अहो-जाहो करतात. लग्नात मी त्यांचा बूट लपवला होता, त्याचा सूड घेतात म्हणे.

दाजींचं सगळं आयुष्य बैलगाड्यात गेलं. आमच्याकडची शर्यत तुम्ही पाहिली असेल तर उत्तम, नसेल तर थोडक्यात सांगतो. घाट म्हणजे चढाची मातीची धावपट्टी. गाड्याला चार बैल. मागं धुरेची जोडी आणि तिच्या पुढं जुकाटाची. गाड्यावर माणूस बसत नाही, बैल सुटले की आपले आपण वर धावतात. मग माणसाचं काम काय? त्याचं काम खाली, जुंपताना. थरथरणारे चार बैल एका रेषेत धरायचे आणि नेमक्या क्षणाला सोडायचे. जरा आधी सुटले तर जुकाट वाकडं पळतं, जरा उशीर झाला तर बैल माणसाच्या अंगावर येतात. तो क्षण सांगता येत नाही आणि शिकवता येत नाही. दाजींच्या हाताला तो कळायचा. आंबेगावातून, खेडातून गाडेमालक त्यांना न्यायला गाडी पाठवायचे. बैल आपला, गाडा आपला, पण सोडायला निमगावचा हात पाहिजे! दाजी बाह्या वर सारून जुकाटाच्या दोराला हात लावायचे आणि उधळलेला बैल कान हलवून गप व्हायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग शर्यतींवर बंदी आली. ती बरोबर की चूक, यात मी पडत नाही. मी फक्त दाजींचं सांगतो. वर्षभर त्यांनी आपले बैल नुसते सांभाळले, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणले. मग एका सोयऱ्याकडं शेतीला देऊन टाकले. त्यानंतर माणूस दारात बसून राहायला लागला. शेती होती, पोरं कामाला होती, कशाची ददात नव्हती. फक्त हाताला काही नव्हतं.

एक दिवस अक्का एसटीनं गॅरेजवर आली. डब्यात माझ्यासाठी मासवड्या. अक्काने मासवड्या आणल्या की समजायचं, काम अवघड आहे.

“सुदा, ह्यांना कसला तरी नाद लाव बाबा,” ती म्हणाली. “मानूस नुसता भिताडाकडं बघतोय.”

योग असा की त्याच सुमारास ओतूरच्या एका बागायतदाराने आपली जुनी जिप्सी विकायला काढली होती. छोटी, चारही चाकांनी ओढणारी, पण इंजिन दमलेलं. आणि दुसरा योग असा की आमच्या बाजूच्या एका गावाने ठरवलं, बैल नाहीत तर नाहीत, यात्रेला घाट मोकळा ठेवायचा नाही. जीपगाड्या चढवायच्या. माती तीच, चढ तोच, वरती कर्ण्यावर ओरडणारा माणूससुद्धा तोच. तुम्ही हसाल, पण घाट रिकामा बघणं आमच्या माणसांना खरंच सोसत नव्हतं.

दाजी आधी म्हणाले, लोखंडाला काय जीव असतो का? मग गाडी बघायला आले. मग चालवून बघितली. शेताच्या बांधावर चढवताना ती अर्ध्यात धापा टाकून बंद पडली. दाजी उतरले, तिच्याभोवती एक चक्कर मारली, बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी बोनेटवर थाप मारली.

“पावणं, अंग चांगलं हाय. दम बारका हाय. दम बदला.”

बस्स. तिथून आमचे ते दिवस सुरू झाले. खरं सांगू? माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. आळेफाट्याजवळ उलटलेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स मी उचलला. दाजी रोज सकाळी निमगावाहून मोटारसायकलवर यायचे, अक्काचा डबा घेऊन. मी वेल्डिंग करायचो, ते धरायचे. इंजिन पहिल्यांदा टांगून आत सोडलं तेव्हा ते इकडून बसेना, तिकडून बसेना. पुढं बोनेट आडवं येई, खाली पुढचा एक्सल. इंजिनाचे पाये कापले, नवे बसवले, पुन्हा कापले. दाजी प्रत्येक वेळी म्हणायचे, “घाई न्हाई पावणं, नवा बैल हाय, गोठा वळखू द्या.”

मोठं इंजिन घातलं म्हणजे नुसतं इंजिन घालून भागत नाही. ते जोर करणार, तर तो जोर चाकापर्यंत नेणारं सगळं तेवढंच दणकट पाहिजे. नाहीतर पहिल्याच चढाला काहीतरी कडाडकन तुटतं. म्हणून मागचा सगळा एक्सल पिकअपचाच घातला. हे दाजींना मी समजावलं ते त्यांच्याच भाषेत. म्हटलं, मागची चाकं म्हणजे धुर, पुढची चाकं म्हणजे जुकाट. धुर नवी आणली, आता जुकाट तिच्या तोडीचं पाहिजे. दोन्ही जोड्या एकाच चालीनं चालल्या पाहिजेत. दाजी इतके खूश झाले की दिवसभर येईल त्याला हेच सांगत बसले. ‘मेव्हणा माझा शाळा शिकला न्हाई, पन डोकं बघा!’ मी बारावी नापास आहे, पण असो.

तर त्या ‘एकाच चालीनं’ मध्येच सगळं आहे. इथं मी जरा अडखळतो, सांभाळून घ्या.

पुढच्या एक्सलच्या पोटात एक दातेरी चक्र असतं, आम्ही त्याला क्राऊन म्हणतो. त्याच्या दातांच्या हिशेबाने चाक हळू फिरायचं की भरभर, ते ठरतं. मागं पिकअपचा एक्सल आल्यावर पुढचा क्राऊन त्याच्या चालीचा हवा होता. त्या गाडीत बसणारे क्राऊन दोन प्रकारचे येतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी पुण्याला जाऊन एका जुन्या सामानवाल्याकडून एक उचलला. तो बिचारा म्हणाला, मिस्त्री, दात मोजून घ्या. मी काय म्हणालो असेन? ‘मला शिकवतो का?’ हसलो, आणि पिशवीत टाकला. घरी येऊन तरी मोजायचे! नाही मोजले. एक्सल बंद केल्यावरही बघायची सोपी युक्ती आहे. चाक उचलायचं, खडूची खूण करायची, एक्सलला फिरवणारा शाफ्ट हाताने फिरवायचा आणि चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्ट किती फिरतो ते पाहायचं. पुढं एकदा, मागं एकदा. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. मी माझ्याकडं शिकायला आलेल्या प्रत्येकाला हे शिकवलंय. स्वतः केलं नाही. का? कारण मी सुदाम मिस्त्री.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी दाजी बाजारात गेले होते, नारळ आणि भंडारा आणायला. गाडीला झूल घालायची की नाही यावर अक्काशी त्यांचा वाद चालला होता. मी एकटाच होतो. म्हटलं, एक फेरी मारून येऊ. डांबरी रस्त्यावर आलो, चारही चाकं जोडणारा दांडा ओढला आणि गाडी लंगडायला लागली. झटके, कुरकुर, स्टेअरिंग हातात राहीना, दांडा निघेना. पुढची चाकं एक म्हणतायत, मागची दुसरंच. मला क्षणात कळलं, क्राऊन चुकीचा आला.

आता तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? एक वाक्य पुरलं असतं. ‘दाजी, माझं चुकलं, मी दात मोजले नाहीत, उद्या पुढची चाकं ओढायची नाहीत.’ दाजी दोन शिव्या हासडून हसले असते. पुढच्या वर्षी चढवू म्हणाले असते. मला हे तेव्हाही माहीत होतं. म्हणजे भीती दाजींची नव्हती. आठच दिवसांपूर्वी मी त्यांच्यासमोर एका दुसऱ्या मिस्त्रीचं काम उघडून लोळून हसलो होतो. तेच हसणं आता माझ्या वाट्याला येणार होतं.

मी काय केलं ते ऐका. त्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या मध्यावर एक गोल कळ असते. ती फिरवली की आतली एक दातेरी कडी चाकाला एक्सलशी जोडते. मी दोन्ही बाजूंच्या कळा उघडल्या, आतल्या कड्या काढल्या आणि कळा परत बसवल्या. आता कळ फिरवली की ‘खट’ असा आवाज यायचा. दांडा ओढला की दिवा लागायचा. खाली वाकून पाहिलं तर पुढचा शाफ्टही फिरताना दिसायचा. फक्त चाकाला काही कळायचं नाही. कड्या तेलकट फडक्यात गुंडाळून मी नटबोल्टच्या डब्यात तळाशी टाकल्या.

दाजी आले. मी म्हटलं, झाली तयार. त्यांनी गाडीच्या चारही चाकांवर भंडारा उधळला. पुढच्या दोनवर जरा जास्त.

यात्रेच्या दिवशी घाटाला माणूस मावत नव्हता. दाजींनी नवा सदरा घातला होता, अक्काने त्यांना ओवाळलं. त्यांनी स्वतः खाली उतरून दोन्ही कळा फिरवल्या. खट, खट. माझ्याकडं बघून मान हलवली. कर्ण्यावरचा माणूस ओरडला आणि गाडी सुटली. काय आवाज, राव! मोठं इंजिन ते, माती उडवत निम्मा घाट एका दमात खाल्ला. लोक उभे राहिले. आणि वरच्या टोकाला, जिथं पावसानं धावपट्टी खरवडून एक पायरी पाडली होती, तिथं मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पुढची दोन नुसती टेकून उभी, पण उडणाऱ्या मातीत ते माझ्याशिवाय कोणाला दिसलं नाही. दाजींनी मागं घेऊन पुन्हा घातली. पुन्हा घातली. चाकं खड्डा करत गेली. कर्ण्यावरून आवाज आला, ‘इंजिन पिकअपचं, चढ मात्र सायकलचा!’ सगळा घाट हसला. त्यानंतर जुन्या, बारक्या इंजिनाच्या दोन गाड्या तीच पायरी चालत चढल्या.

दाजी खाली आले. चेहरा साधाच. त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “हिला बोल न्हाई. कुटं चुकलं पावणं?”

विचारलं मला. सरळ विचारलं. भोवती माणसं होती, माझ्या कामाची तारीफ करणारी माणसं होती, आणि मी...

मी म्हणालो, “दाजी, क्लच जरा लवकर सोडला तुमी.”

हे ते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. कड्या काढल्या ते लबाडीचं झालं, पण लबाडी लोखंडाची होती, पाना लावला की सुटणारी. हे वाक्य मी एका माणसाच्या हातात घातलं. ज्याला नेमक्या क्षणी सोडणं एवढंच येत होतं, त्याला मी सांगितलं की तुम्ही लवकर सोडलं.

क्लच पायानं सोडतात, पण दाजींच्या लेखी सोडणं म्हणजे हातच. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. “आसंल,” म्हणाले. “हात गेला मग.”

एवढंच. रागावले नाहीत, गाडी विकली नाही. फक्त किल्ली खिळ्याला अडकवली आणि स्वतः चालवणं सोडलं. गाडीतून पोरं चारा आणायची, कांद्याच्या गोण्या न्यायची. पुढची चाकं ओढत नाहीत हे कोणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं, मागचीच एवढी ओढत होती. अक्का सांगायची, हे हाताला तेल लावत बसतात. मी म्हणायचो, वय झालं अक्का. ऐका, असंही म्हणायचो मी.

मग बंदी उठली. घाट पुन्हा गुलालाने लाल झाले, पुन्हा ते ‘भिर्रर्र’ कानावर यायला लागलं. आंबेगावातले एक गाडेमालक निमगावला दाजींना बोलवायला आले. त्या दिवशी मी तिथंच होतो, पोहे खात होतो. दाजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि नाही म्हणाले.

“हाताचं काई खरं न्हाई आता. बैलांच्या पुडं पोरं उबी आस्त्यात, कुनाचा जीव जाईल. सुदामला ईचारा, त्यानं बगितलंय.”

त्या गृहस्थांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताटलीकडं पाहिलं. आणि मान हलवली. हो, अशी, वरून खाली. ज्याची दाजींनी इतकी वर्षं वाट पाहिली होती ते दारात चालत आलं आणि मी मान हलवून परत पाठवलं. मग उरलेले पोहे संपवले.

त्या यात्रेला दाजी घाटावर गेले ते प्रेक्षक म्हणून. दोरीच्या अलीकडं उभे. मी शेजारी. खाली गाडा जुंपला जात होता, बैल मागंपुढं होत होते, आणि सोडायचा क्षण जवळ आला तशी माझी नजर दाजींच्या हाताकडं गेली. बोटं आपली आपण मिटत होती. जुंपणाऱ्याने बैल सोडले त्याच्या किंचित नंतर दाजींची मूठ उघडली. खालचा गाडा वाकडा गेला. दुसरा गाडा लागला, पुन्हा दाजींची मूठ वेळेवर उघडली, खालच्याची उशिरा. दाजी ते बघतच नव्हते, गाड्याकडं बघत होते. मी बघत होतो. हात कुठं गेला होता? तो तर तिथंच होता, शेजारी, रिकामा.

तेव्हा मला सोसवेना. पण म्हणून मी बोललो असं समजू नका. मी मिस्त्री माणूस, मी आपला पान्याकडं वळलो. ऑइल बदलतो म्हणून गाडी गॅरेजवर आणली. पुण्याला जाऊन त्याच सामानवाल्याकडून दुसरा क्राऊन आणला. या वेळी दुकानातच बसून दात मोजले, घरी येऊन खडूने चाकं मोजली, बायको म्हणाली सारखं काय मोजताय, तिच्यासमोर पुन्हा मोजली. मग डब्याच्या तळातून कड्या काढून पुसून बसवल्या. डांबरावर नेली, दांडा ओढला, तर गाडी कुरकुर न करता सरळ निघाली. ते सुख वेगळंच असतं हो. चोरून केलेल्या कामाचंसुद्धा असतं.

पुढच्या रविवारी म्हटलं, दाजी, चला डिंभ्याला मासे आणू. धरणाचं पाणी उतरलं होतं. मासे घेणाऱ्यांना चिखलातून पार काठापर्यंत खाली जावं लागत होतं. जाताना मी चालवली. मासे घेतले, आणि परत निघताना गुडघा धरून बसलो. गुडघ्याला काही झालं नव्हतं. म्हटलं, दाजी, तुमीच घ्या वर. दाजी नको नको म्हणाले. मग दुसरं कोणीच नाही म्हटल्यावर खाली उतरून दोन्ही कळा फिरवल्या. खट, खट. आवाज तोच.

चढ ओला होता, घसरडा, घाटाच्या पायरीहून वाईट. दाजींनी क्लच सोडला आणि पुढची चाकं चिखलात रुतली, चावली, आणि त्यांनी गाडी वर खेचली. मागून मागच्या जोडीने लोटलं. एका दमात वर. मासे विकणारा कोळी खालून ओरडला, “वा रं वा!”

वर सपाटीला दाजींनी गाडी थांबवली. दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते. त्यांनी ते उचलून आपल्यासमोर धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि हसायला लागले. मी इतकं मोठ्याने हसताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. 

“पावणं,” म्हणाले, “हात आला परत!”

त्या क्षणाला मी सांगू शकलो असतो ना? आम्ही दोघंच होतो. पिशवीत मासे होते, समोर पाणी चमकत होतं, माणूस आनंदात होता. त्या आनंदात त्यांनी मला माफही करून टाकलं असतं. मी म्हणालो, “म्या म्हनलंच व्हतं, येईल.” म्हणालो तर म्हणालो, वर त्यांच्या पाठीवर थापही मारली. घरी अक्काने कालवण केलं आणि मी चारदा वाढून घेतलं.

त्यानंतरचं सगळं चांगलंच आहे. दाजी पुन्हा जुंपायला लागले. पहिल्याच यात्रेला त्यांनी आंबेगावच्या त्याच मालकांचा गाडा सोडला आणि बैल असे सरळ गेले की कर्ण्यावरच्या माणसाचा ओरडून घसा बसला. मंडळींनी दाजींना फेटा बांधला, दोन शब्द बोला म्हणाले. दाजी आणि दोन शब्द! पण त्यांनी माईक घेतला. गर्दीत मला शोधलं, हात धरून वर ओढलं.

“माजा हात गेला व्हता,” ते म्हणाले. “समदी तोंडावर ग्वाड बोलत व्हती, गाडीच वंगाळ म्हनत व्हती. ह्यो एकटा मेव्हणा, गाडी ह्यानं सोता बांधलेली, तरी तोंडावर खरं बोलला, की दाजी, चूक तुमची हाय. म्हनून म्या हाताला जपलं. म्हनून आज हितं उबा हाय. आसा मानूस पायजे, राव.”

आणि त्यांनी आपल्या डोक्यावरचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का पदराने डोळे पुसत होती.

मी मान खाली केली नाही. उलट थोडी पुढं वाकवली, फेटा नीट बसावा म्हणून.

आजही आमचं छान चाललंय. दाजी दर यात्रेला बाह्या सारून घाटात उतरतात, जीप दर रविवारी डिंभ्याला जाते, चढ आला की तेच चालवतात. मी शेजारी बसतो. लोक बोनेट उघडायला लावतात, मी उघडतो. फेटा आमच्या कपाटात आहे. बायको दिवाळीच्या आवराआवरीत तो काढते, झटकते, माझ्याकडं कौतुकाने बघून परत ठेवते. दाजींना मी काही सांगितलेलं नाही. सांगेन असंही म्हणत नाही.

फक्त एवढं कुठंतरी असू द्या, की त्या दिवशी घाटावर दाजींनी क्लच अगदी वेळेवर सोडला होता.